‘खाजणवाट’चा पाचवा आणि शेवटचा खंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘खाजणवाट’ ही आमची भयकॉमिक्सची मालिका, कोकणातल्या एका गावाची आणि तिथल्या खाजणीण नावाच्या भुताची. शेवटचा खंड हातात पडल्यापासून आमचे फोन तिन्हीसांजेलाच वाजतात. दिवसा कुणालाच काही विचारायचं नसतं. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच बसून उत्तरं लिहून काढते आहे. लेखन माझं, चित्रं माझ्या मामेभावाची. ‘आम्ही’ म्हटलं की आम्ही दोघंच. मागं कुठली कंपनी-बिंपनी नाही.

अर्ध्याच्या पुढं एक आडवी रेघ आहे. त्या रेघेपलीकडं शेवट फुटतो. शेवट पुस्तकातच वाचायचा असेल त्यानं तिथंच थांबावं.

आधीचे चार खंड वाचलेले नसले तर चालेल का?

नाही.

बरं, मग निदान कुठले वाचू?

पहिला आणि दुसरा वाचाच. तिसऱ्यात मुंबईचा चाळीतला भाग आहे, तो आम्हालाच आता लांबलेला वाटतो. चौथा मधूनच उघडलात तरी धागा सापडेल. पण दुसऱ्या खंडातलं अमावास्येच्या रात्रीचं जोडपान नीट बघून ठेवा. सगळा शेवट त्या पानाला टांगलेला आहे.

गोष्टीतलं गाव नेमकं कुठलं?

नाव दिलेलं नाही आणि देणारही नाही. मालवण तालुक्यातल्या चार गावांमधून ‘हे आमचंच’ असे फोन आले आहेत. वेंगुर्ल्याकडच्या एका आजोबांनी तर खाडी डावीकडं हवी होती, तुम्ही उजवीकडं काढली, अशी दुरुस्तीही सुचवली. खाडी, खाजण म्हणजे भरतीचं पाणी येतं-जातं ती चिखलाची जमीन, त्यावर घातलेला बांध, बांधामागं खाऱ्या जमिनीतली भातशेती, टेकाडावर सातेरीचं देऊळ आणि वेशीवर राखणदार. एवढ्या खुणा पुरवल्या की कोकणातलं निम्मं गाव तयार होतं. उरलेलं निम्मं भांडणांनी.

गावपळण तुम्ही रचलेली का? सगळं गाव घरं सोडून जातं, हे पुण्यात कुणी मानत नाही.

हा भाग अजिबात रचलेला नाही. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे. चिंदर, वायंगणी अशा आसपासच्या गावांतही ती आहे. काही वर्षांच्या अंतरानं देवाचा कौल घेतात. कौल झाला की सगळं गाव, म्हातारीकोतारी, पोरंबाळं, गुरं, कोंबड्या, कुत्री यांच्यासकट वेशीबाहेर पडतं. तीन दिवस, तीन रात्री. आचऱ्यात हा कौल रामेश्वराचा. वेशीबाहेर माळावर, खाडीकाठी झापांच्या झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात, भजनं होतात, पोरं तर शाळा बुडाल्याच्या आनंदात असतात. परत जायचं तेही पुन्हा कौल घेऊनच.

तीन दिवस गावात दिवा नाही, चूल नाही, माणसाचा आवाज नाही. का जातात, याची उत्तरं माणसागणिक वेगळी. कुणी सांगतं की ते दिवस गाव देवाचं आणि त्याच्या गणांचं. कुणी म्हणतं, जुन्या काळी साथी यायच्या तेव्हापासूनची रीत. काहींच्या मते गावाला श्वास घ्यायला मिळतो एवढंच. मला यातलं कुठलंच उत्तर नको होतं, मला ते रिकामं गाव हवं होतं. भुताच्या गोष्टीत माणसं भुताच्या घरात शिरतात. इथं माणसंच आपली घरं उघडी टाकून निघून जातात आणि ‘घ्या तीन दिवस’ म्हणतात. पाचव्या खंडाची पहिली 22 पानं म्हणूनच बिनसंवादाची आहेत. ओसरीवर उपडी घातलेली घागर, दोरीवर विसरलेला टॉवेल, आणि पान उलटल्यावर तोच टॉवेल घडी घातलेला.

त्या 22 पानांवरून छापखान्यातल्या माणसानं फोन केला होता, ‘मॅडम, अक्षरं टाकायची राहिली काय?’

पाचवा खंड दीड वर्ष उशिरा का आला?

काळ्या रंगामुळं. सविस्तर सांगते, कारण ज्यांच्याकडं आधीची फसलेली प्रत गेली त्यांना ते कळायला हवं.

छपाईत चार शाया असतात: सायन, मजेंटा, यलो आणि ब्लॅक. रात्रीची चित्रं नुसत्या ब्लॅकमध्ये छापली तर मोठ्या पृष्ठभागावर काळोख राखाडी दिसतो, पाटी पुसल्यासारखा. म्हणून काळ्याखाली इतर शायांचा थर देतात. आम्ही उत्साहात चारही शाया पूर्ण शंभर टक्के दिल्या. म्हणजे एकूण 400 टक्के शाई. चकचकीत आर्टपेपरवरही तीनशेच्या आसपास थांबायचं असतं, हे आम्हाला नंतर कळलं. आर्टपेपर शाई पीत नाही, ती वर राहून हवेनं सुकते. आणि आमची छपाई जुलैत! गठ्ठे घाटाखाली उतरले तेव्हा खोक्यांनाच घाम फुटलेला.

पहिली प्रत मी ओटीवर बसून उघडली. पान 40 आणि 41 एकमेकांना घट्ट चिकटलेली. नखानं हळूच सोडवायला गेले तर चर्र आवाज करून खाजणिणीचा चेहरा समोरच्या पानावर निघून आला, आणि तिच्या जागी कागदाचा पांढरा लगदा. क्षणभर वाटलं, हेच ठेवावं! मामेभाऊ मात्र तोंडातून शब्द न काढता परसात गेला आणि बराच वेळ आलाच नाही. छापखान्यानं आम्हाला आधी सावध करायला हवं होतं, हे खरं. पण फाइल आमची, हट्ट आमचा, पाऊस देवाचा.

दुसऱ्या वेळी आर्टपेपर सोडून मॅपलिथो घेतला, तो शाई पितो. काळ्याखाली फक्त 40 टक्के सायन दिला. रात्र थोडी निळसर झाली, पण आमच्याकडची रात्र तशीच असते. आणि छपाई दिवाळीनंतर. ज्यांच्याकडं ती चिकटकी प्रत आहे त्यांनी कळवावं, बदलून देतो. दोघातिघांनी मात्र ‘आम्हाला तीच हवी’ असं सांगितलंय. त्यांचं त्यांच्यापाशी.

खंड 96 पानांचाच का? गोष्ट घाईत आवरल्यासारखी वाटते.

छापखान्यात पानं सोळाच्या फॉर्मनं मोजतात. आधीचे खंड तीन फॉर्मचे, म्हणजे 48 पानी, मध्ये पिना मारलेले. हा सहा फॉर्मचा. सातव्या फॉर्मचे पैसे नव्हते. घाईत आवरल्यासारखं तुम्हाला पान 80 नंतर वाटलं असेल, तर तुमचं बरोबर आहे.

चित्रांची धाटणी मध्येच का बदलते? आवडी नावाच्या पोरीची जुनी गोष्ट येते तिथं माणसं एकदम एका बाजूनं बघणारी, मोठ्या डोळ्यांची होतात.

ती पिंगुळीची चित्रकथी. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाची ही परंपरा. सुट्या चित्रांची चळत असते, तिला पोथी म्हणतात. वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीनं एकेक चित्र पुढं धरत रामायण-महाभारतातली आख्यानं गायची. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा या कलेला आश्रय होता. ती जपण्यासाठी आयुष्य घालवलेल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

कॉमिक्स ही बाहेरची वस्तू, असं आम्हालाही वाटायचं. पण चित्रकथी बघताना मामेभाऊ एकदम म्हणाला, ‘अगो, ह्यां तर आमचांच काम!’ एक चित्र, त्याच्यावर बोल, मग पुढचं चित्र. दोन चित्रांच्या मधली जागा तिथं गाणारा भरतो, आमच्याकडं वाचणाऱ्यानं भरायची. म्हणून आवडीला बांधात गाडल्याची कथा, जी गावानं दोनशे वर्षं तोंडातून काढलेली नाही, ती आम्ही त्या धाटणीत काढली. नक्कल नाही केलेली. त्यांचे रंग आणि त्यांच्या बॉर्डरी उचलल्या असत्या तर ते चोरीत जमा झालं असतं. फक्त एका बाजूनं दिसणारे चेहरे आणि तो मोठा डोळा घेतला, आणि तेही पिंगुळीत जाऊन, दाखवून, विचारून.

ऐन भीतीच्या प्रसंगात संकासूर येऊन विनोद का करतो? रसभंग होतो.

दशावतार कधी जत्रेत रात्रभर बसून बघितलाय का? सुरुवातीच्या आडदशावतारात काळा संकासूर येतो, लाल जीभ बाहेर, आणि मालवणीत असं काही बोलतो की पुढच्या रांगेतल्या बायका पदरात तोंड लपवतात. पोरं त्याला घाबरूनही असतात आणि त्याच्या मागं मागंही असतात. लिखित संहिता नसते, संवाद तिथल्या तिथं. आमच्याकडं भय आणि हसू एकाच पेटाऱ्यातून निघतं. रसभंग होतो ही तक्रार मान्य नाही. पान 57 वरचा विनोद फसलाय, हे मान्य.

खाजणीण म्हणजे हडळच ना?

नाही. लोककथेत हे नावच शोधू नका, ते आमचं आहे. कोकणातल्या भुतांची हजेरी मोठी आहे आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं. मुंज झाल्यावर लग्नाआधी गेलेला पोरगा मुंजा होतो आणि पिंपळ धरतो. बाळंतपणात गेलेली ती अळवंतीण. ब्राह्मणाचा जीव कशात अडकून राहिला की समंध. गिऱ्हा पाण्यातला. चकवा तर अंगाला हातही लावत नाही, रात्रभर एकाच कुंपणाभोवती फिरवत ठेवतो आणि पहाटे तुम्ही आपल्याच गोठ्यामागं उभे असता. देवचार निराळाच, तो वेशीवर फिरणारा, निम्मा भूत आणि निम्मा देव.

ही यादी बघितली की एक गोष्ट लक्षात येते. आमच्याकडं भूत म्हणजे अर्धवट राहिलेलं काहीतरी: राहिलेलं लग्न, राहिलेलं बाळंतपण, राहिलेला व्यवहार. खाजणीण चकव्यासारखी वाट चुकवते आणि गिऱ्ह्यासारखी पाण्यात राहते, पण तिचं राहिलेलं काय, ते कळायला पाचवा खंड लागतो.

पल्प म्हणजे हलकं साहित्य ना? मग एवढा विचार कशाला?

पल्प म्हणजे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त, खरबरीत कागद. त्या कागदावर छापलेल्या मासिकांवरून नाव पडलं. भडक मुखपृष्ठ, वेगवान गोष्ट, आणि खंडाच्या शेवटी दाराबाहेर पाऊल वाजलंच पाहिजे. आम्हाला ते सगळं आवडतं आणि आम्ही ते उघडपणे करतो. अमेरिकेत भयकॉमिक्सची एवढी धास्ती घेतली गेली की 1954 साली प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. मुखपृष्ठाच्या नावात ‘हॉरर’ शब्दही चालेना. रक्तपिपासू आणि नरलांडगे परत यायला 1971 उजाडलं. झोंबींना तेव्हाही दार बंदच होतं. हलक्या गोष्टीसाठी कुणी एवढी कडी लावत नाही.

आणि एक गंमत. इंद्रजाल कॉमिक्स 1964 साली सुरू झाली तेव्हा परदेशी फँटमचं आपल्याकडं बारसं झालं ‘वेताळ’. तिकडं तो चालतं-बोलतं भूत म्हणून मिरवणारा जंगलाचा रक्षक. इकडं आमच्या वेशीवर खराखुरा वेताळ त्याच्या किती आधीपासून रात्रीची गस्त घालतोय! नाव ठेवणाऱ्याला हे माहीत होतं की नेम आपोआप लागला, कोण जाणे.

मालवणी कळत नाही. तळटीपा का नाहीत?

तळटीप आली की डोळा खाली जातो आणि भीती वरच राहते. ‘खंय’ म्हणजे कुठं, ‘माका’ म्हणजे मला, ‘झिल’ म्हणजे मुलगा, ‘चेडू’ म्हणजे मुलगी. एवढ्यावर पाचही खंड पार पडतात. बाकी ओघात कळतं. घाटावरच्या एका वाचकानं सांगितलं की त्यांनी संवाद मोठ्यानं वाचले आणि शेजारच्या वेंगुर्लेकर काकू भिंतीपलीकडून दुरुस्त्या करत होत्या. याहून चांगली तळटीप कुठली?

अक्षरं सगळी हातानं काढलेली आहेत. फुग्यात संगणकाचा फाँट टाकला की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात, आणि ओळी लांब कराव्या तर फुगा चित्र खातो. शिवाय शिरोरेषेचा एक फायदा हातानंच मिळतो. खाजणीण बोलते तेव्हा शिरोरेषा पाण्यासारखी हलते, आणि तिचा राग चढला की ती तुटते. पाचव्या खंडात एका पानावर सगळ्या गावकऱ्यांच्या शिरोरेषा तुटलेल्या आहेत. फार कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

मुलांना वाचायला देऊ का?

तेरा-चौदाच्या पुढं द्या. पान 61 ते 66, बांधाची ती कथा, आधी स्वतः बघा. आमच्याकडची सहावीतली पोरं मात्र लाइट गेल्यावर आज्यांकडून यापेक्षा भयंकर ऐकून शांत झोपतात.

भुताखेतांची चित्रं काढून तुम्ही अंधश्रद्धा पसरवता असं वाटत नाही का?

हा प्रश्न रागानं येतो, पण रास्त आहे. महाराष्ट्रात 2013 पासून नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडानं बांधणं, मारणं, चटके देणं, हे त्यात गुन्हे म्हणून लिहिलेलं आहे. आमच्या मालिकेत खलनायक कोण, ते आठवा. खाजणीण नव्हे. आजारी पोरीला खांबाला बांधून फटके मारणारा आबा घाडी. चौथ्या खंडात त्या पोरीला ताप मेंदूत गेल्याचं सरकारी दवाखान्यातली डॉक्टर सांगते आणि ती उपचारानं बरी होते. भूत त्या प्रसंगात दाराशीही फिरकत नाही.

गोष्टीत भूत असावं, गोठ्यात नसावं. कुणी आजारी असेल तर दवाखाना. याच्यावर आमचं दोघांचं कधी भांडण झालेलं नाही, आणि आमची भांडणं पुष्कळ होतात.

———

(इथून पुढं शेवट फुटतो.) दुसऱ्या खंडात अमावास्येच्या मध्यरात्री खाजण कोरडं होतं. ते मुद्दाम केलेलं की चूक?

चूक. शुद्ध, निर्लज्ज चूक.

आंगणेवाडीच्या जत्रेत आम्ही स्टॉल टाकला होता. त्या जत्रेची तारीख पंचांग बघून ठरत नाही, देवीचा कौल मिळाला की जाहीर होते, त्यामुळं आमची नेहमीच तारांबळ. शेजारी खाज्याचं दुकान. लोक गुळानं माखलेल्या बोटांनी आमची पानं उलटत होते. त्यात एक म्हातारे मच्छीमार दुसऱ्या खंडाचं ते जोडपान उघडून थांबले. चित्रात अमावास्या, मध्यरात्र, खाजण कोरडं ठक्क, आणि चिखलात मध्यापर्यंत गेलेली पावलं. त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला, दोनदा मोजलं आणि म्हणाले, ‘अवशेक मध्यानरातीक सुकती खंयसून इली गो? दर्याक पिसा लागला काय?’ (अवस म्हणजे अमावास्या, सुकती म्हणजे ओहोटी.)

हिशेब साधा आहे आणि किनाऱ्यावरच्या पोराला येतो. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अमावास्या पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तीही अमावास्येची, उधाणाची. भरती दिवसातून दोनदा, सुमारे 12 तास 25 मिनिटांच्या अंतरानं, म्हणून रोज पाऊण-एक तास पुढं सरकते. आमच्या चित्रातल्या वेळी तिथं छातीएवढं पाणी हवं होतं. खाडीकाठी जन्म काढलेल्या दोन माणसांनी ते जोडपान आठवडाभर रंगवलं आणि दोघांपैकी एकालाही हे सुचलं नाही!

स्टॉल गुंडाळून घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. रात्री जेवताना मामेभाऊ म्हणाला, पुढच्या आवृत्तीत पाणी रंगवतो. मी म्हटलं, थांब. पाणी तिथं असायला हवं होतं आणि नव्हतं. मग त्या रात्री ते कुणीतरी अडवून धरलं होतं. कुणी?

तोवर खाजणीण ही माणसांना चिखलात ओढणारी भूतबाय होती, इतकंच. त्या जेवणानंतर ती बदलली. बांध घालताना खांड, म्हणजे भगदाड, पडत राहिली, बुजेना, तेव्हा गावानं आवडीला त्या खांडीत गाडलं. तीच ही खाजणीण. तेव्हापासून प्रत्येक उधाणाला ती पाठ लावून समुद्र धरून ठेवते. ज्या गावानं तिला मारलं त्याचंच भात खारं होऊ नये म्हणून. कोरड्या खाजणात गेलेले लोक तिनं मारलेले नव्हते. ते तिच्या पाठीमागं, तिनं अडवलेल्या पाण्याच्या जागेत शिरले होते. सगळे पाच खंड त्या एका चुकीवर उभे राहिले. ते जोडपान आम्ही नव्या आवृत्तीतही तसंच ठेवलंय. आजोबांचे आभार मानायला त्यानंतर दोन जत्रांत शोधलं, भेटले नाहीत.

(‘शेवटचा खंड’ ऐवजी ‘शेवटची खांड’ असं छापलेली एक पाटी आमच्याकडं आहे. छपाईची चूकच ती, पण भिंतीवर लावलीय.)

मग शेवटी खाजणिणीला मारलं का नाही? पाच खंड वाट बघितली!

सगळ्यात जास्त शिव्या या प्रश्नासोबत येतात.

मारायचं कशानं? परदेशी गोष्टीत काळजात खुंटी मारतात, चांदीची गोळी घालतात, वाडा जाळतात आणि पहाट होते. कोकणात मी असं कधी ऐकलं नाही. इथं भुताला मारत नाहीत, त्याच्याशी ठरवतात. तुझी हद्द ही, आमची ही. तुझा मान हा: नारळ, कोंबडा, रोट, विडी, ज्याचं जे असेल ते. तो वेळेवर मिळेल; मग तूही तुझ्या बाजूनं पाळ. देवळात गाऱ्हाणं घालतात ते नीट ऐका. ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक, मग गावाचा सगळा हिशेब मोठ्यानं, कुणाचं काय चुकलं, कुणाला काय हवं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या लोकांचं ‘व्हय म्हाराजा’. त्याला करार म्हणा, सगळ्यांच्या साक्षीनं केलेला.

गावानं आवडीचा मान कधीच बंद केला होता. बांधाजवळची जमीन विकायला निघालेला भिवा हा शेवटचा घाव. म्हणून पाचव्या खंडात लढाई नाही. गावपळणीची तिसरी रात्र, अमावास्या. गाव रिकामं आहे, वाचवायला कुणी नाही, आणि दोनशे वर्षांत पहिल्यांदा आवडी पाठ सरळ करते. पाणी आत येतं. बांधामागची शेतं, गडग्यांच्या पायऱ्या, आबा घाड्याची ओसरी. माणूस एकही मरत नाही, कारण माणूस तिथं नाहीच.

चौथ्या दिवशी वेशीवर कौल. देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तीनदा डावी पडते. मग भिवाची आजी पुढं येते. तोपर्यंत पाच खंडांत तिला एकही फुगा नाही, ती फक्त कण्या निवडत बसलेली असते. ती गाऱ्हाणं घालते. अख्खं पान तिच्या अक्षरांनी भरलेलं, चित्र फक्त तळाला, एवढंसं. गावानं एका पोरीला गाडलं, हे ती नाव घेऊन सांगते. आणि मग, ‘तुजा तुका दिला, आमचा आमका दी, म्हाराजा.’ खाली ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे आधी दोघंच. मग सगळे.

ठरतं ते असं की खांड बुजवायची नाही. बांधामागची शेतं समुद्राची आणि तिची. गाव वर टेकाडाकडं सरकतं. भाताचं नुकसान झालं, होय. ‘हा कसला शेवट, गावच हरलं की’ असं एकानं कळवलं. मला तर वाटतं, गावानं जुनं देणं फेडलं, आणि देणं फेडताना खिसा रिकामा होतोच.

हाणामारी हवी होती त्यांना पैसे परत देता येणार नाहीत. पण चौथ्या खंडात आबा घाडी आणि देवचाराची मारामारी 14 पानं चालते, ती पुन्हा वाचा.

सहावा खंड? खाजणिणीच्या लेकीचं काही?

नाही. तिला लेक नाही. ती अफवा कुणी उठवली?

मोबाइलवर का देत नाही?

आमची जोडपानं आडवी आहेत, फोन उभा.

पावसाळ्यात पुस्तकाला बुरशी येते, कसर लागते. काय करू?

कोकणात राहता ना, मग पुस्तक भिंतीला चिकटून ठेवू नका. मागं चार बोटं हवा खेळू द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलंत तर आतली ओल आतच राहते आणि बुरशी अधिक जोमानं येते. त्यापेक्षा सुती फडकं आणि मधूनमधून पंख्याखाली पानं उघडी ठेवणं बरं. बुरशी आलीच तर ओल्या कापडानं पुसू नका. आधी पूर्ण सुकू द्या, मग अंगणात जाऊन मऊ ब्रशानं झटका, नाकावर रुमाल बांधून. कडक उन्हात तापवलंत तर कागद पिवळा पडून तडकतो. जुनी चिकटकी प्रत मात्र सोडवायला जाऊ नका. तोंडं निघतात.

आमच्या गावची खरी भुताची गोष्ट पाठवली तर वापराल?

पाठवा, आनंदानं वाचतो. एक अट आहे. गोष्टीतली ‘भूतबाय’ ही गावातली कुणी खरीखुरी विधवा, परित्यक्ता किंवा एकटी राहणारी बाई असेल, तर पाठवू नका. अशी पत्रं आम्हाला वाटलं त्याच्या कितीतरी पट आली. नावं, घरं, वाड्यांसकट. ती आम्ही चुलीत घातली. आवडीची गोष्ट अशाच पत्रांचा गठ्ठा समोर असताना सुचली, हेही खरं.

शेवटच्या पानावर वेशीजवळ नुसत्या चपला का? राखणदार कुठाय?

आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. देव रात्रभर गावाची फेरी मारतो, त्यात त्या झिजतात, असं लोक सांगतात. आमचा राखणदार पाचही खंडांत कुठंही पूर्ण दिसत नाही. कधी कांबळ्याचं टोक, कधी झाडामागचा काठीचा शेंडा, कधी चुडीचा उजेड. चपला मात्र प्रत्येक खंडाच्या शेवटच्या पानावर आहेत, वेशीच्या धोंड्यापाशी, डाव्या कोपऱ्यात. पहिल्या खंडात त्या कोऱ्या करकरीत आहेत. डाव्या चपलेची टाच बघत या.

पाचव्यात शेजारी दुसरा एक जोड आहे, लहान पायांचा. त्याला अजून चिखल लागलेला आहे.